पहिल्या तासाचा हक्क : हृदयविकाराचे नवे उपचार आणि आपली वस्ती



हृदयविकाराच्या निदानात आणि उपचारांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मोठा पल्ला गाठला गेला आहे. छाती न उघडता, मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी सरकवून हृदयाची खराब झालेली झडप बदलता येते. फ्रान्समधल्या आलँ क्रिबिए या डॉक्टरांनी २००२ मध्ये ही पद्धत माणसावर पहिल्यांदा वापरली, आज ती पुण्यातही वापरली जाते. कोलेस्टेरॉल खाली आणणारं एक इंजेक्शन आलं आहे, सुरुवातीच्या डोसांनंतर ते वर्षातून फक्त दोनदा घ्यावं लागतं. रक्तातल्या ट्रोपोनिनची तपासणी इतकी बारीक झाली आहे की हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे की नाही, याचा अंदाज काही तासांत येतो. मोबाईलला जोडता येणारी ईसीजी यंत्रं निघाली आहेत आणि ईसीजी वाचायला डॉक्टरांच्या जोडीला संगणकही बसू लागला आहे.

अशा बातम्या व्हॉट्सॲपवर फिरल्या की आपल्या कार्यकर्त्यांमध्ये दोन प्रतिक्रिया येतात. एक म्हणतो, "हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले, आपला काय संबंध?" दुसरा म्हणतो, "आरोग्य हा एनजीओवाल्यांचा विषय, आपला विषय आरक्षण, ॲट्रॉसिटी आणि सत्ता." मला दोन्ही उत्तरं चुकीची वाटतात, आणि ती चूक आपल्याला महागात पडते आहे. लोणावळ्यापासून देहूरोडपर्यंतच्या कोणत्याही वस्तीत जा आणि गेल्या पाच वर्षांत पन्नाशीच्या आत किती कर्ते पुरुष, किती बाया "अचानक गेल्या" ते मोजा. "अचानक" हा शब्द आपण फार सहज वापरतो. त्या शब्दाच्या आत काय दडलं आहे, ते उघडून पाहण्यासाठी हा लेख आहे.

हा श्रीमंतांचा आजार नाही

हृदयविकार म्हणजे एसीत बसून तूप खाणाऱ्यांचा आजार, हा समज अजून आपल्या डोक्यातून गेलेला नाही. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला ब्रिटनमधला 'व्हाइटहॉल' अभ्यास शिकवला होता. १९६७ मध्ये लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सतरा-अठरा हजार पुरुष कर्मचाऱ्यांपासून तो सुरू झाला. अपेक्षा अशी होती की जबाबदारीच्या ताणाने वरचे साहेब जास्त मरत असतील. आकडे उलटे निघाले. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या, म्हणजे शिपाई-निरोप्यांसारख्या कामांवरच्या लोकांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होतं. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशोबात धरूनही तो फरक पूर्ण सुटत नव्हता. हुकूम देणाऱ्याच्या आणि हुकूम झेलणाऱ्याच्या हृदयात फरक पडतो, असा त्याचा सरळ अर्थ.

आता आपल्याकडे या. मावळातला आपला माणूस काय काम करतो? तळेगाव-चाकणच्या कंपन्यांत कंत्राटी पाळ्या, आठवड्याआड रात्रपाळी. लोणावळ्यात बंगल्यांची राखण, हॉटेलात भांडी आणि खोल्या, नगरपरिषदेची सफाई, चिक्कीच्या भट्टीसमोर दिवसभर उभं राहणं. अपुरी झोप, अनिश्चित पगार, चहा-वडापाववर काढलेला दिवस, जागं राहण्यासाठी तंबाखू. बायकांच्या बाबतीत त्यात मिश्री आणि चुलीचा धूर. यातली प्रत्येक गोष्ट हृदयाच्या रक्तवाहिन्यांना घातक आहे, आणि यातली एकही गोष्ट माणसाने हौसेने निवडलेली नाही.

याच्या जोडीला गरिबीचा म्हणून ओळखला जाणारा आणखी एक हृदयरोग आहे. दाटीवाटीच्या एका खोलीत राहणाऱ्या मुलांना घशाचा जिवाणू संसर्ग होतो, त्यातून काहींना सांधे सुजवणारा ताप येतो, आणि तो ताप हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडवून जातो. ठरावीक दिवसांनी पेनिसिलिनचं साधं इंजेक्शन देत राहिलं तर पुढचं नुकसान टाळता येतं. श्रीमंत देशांतून हा आजार जवळपास हद्दपार झाला, कारण तिथली घरं सुधारली आणि घशाच्या दुखण्यालाही औषध मिळू लागलं. आपल्या बाळंतपणाला आलेल्या पोरींमध्ये मात्र तो अजूनही सापडतो.

बाबासाहेबांचं तळेगाव दाभाडे इथलं घर आपण सगळे पाहून आलो आहोत. त्यांना अनेक वर्षं मधुमेह होता आणि त्याने त्यांचं शरीर पोखरलं होतं, हे त्यांच्या प्रत्येक चरित्रात आहे. पण किती वस्त्यांत त्या चरित्रातून "चाळिशीनंतर शुगर तपासून घ्या" एवढा धडा घेतला गेला? मधुमेह असलेल्या माणसाला हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत मोठी कळ येतेच असं नाही. नुसता घाम, धाप, मळमळ, जबड्यात किंवा खांद्यात दुखणं, भयंकर थकवा, एवढंच होऊ शकतं. बायकांमध्येही हे बरेचदा दिसतं. आणि आपण म्हणतो, "ॲसिडिटी झाली असेल, सोडा पी."

सर्वांत मोठा शोध सर्वांत स्वस्त आहे

हृदयविकाराचा झटका म्हणजे नेमकं काय, हे एकदा समजून घेऊ. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या नळीत चरबीचा थर साचलेला असतो. तो फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि नळी बंद होते. त्या क्षणापासून पुढचा स्नायू मरू लागतो. तो एका झटक्यात मरत नाही, काही तासांत मरत जातो. म्हणून नळी किती लवकर मोकळी झाली, यावर माणूस वाचणं आणि वाचला तर पुन्हा कामावर जाऊ शकणं अवलंबून असतं.

नळी मोकळी करायचे दोन मार्ग आहेत. एक, अँजिओप्लास्टी: हातातून किंवा मांडीतून तार घालून फुग्याने नळी उघडायची आणि तिथे स्टेंट बसवायचा. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७७ मध्ये झुरिकमध्ये याची सुरुवात केली. वेळेत मिळाली तर हीच सर्वांत चांगली, पण त्यासाठी कॅथलॅब आणि तज्ज्ञ डॉक्टर लागतात. दुसरा मार्ग, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी ॲस्पिरिन ही दोन्ही औषधं मिळालेल्यांमध्ये मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी झाले. नुसत्या ॲस्पिरिनने, म्हणजे दुकानात चिल्लर पैशांत मिळणाऱ्या गोळीने, २३ टक्क्यांनी कमी झाले. आता टेनेक्टेप्लेज नावाचं औषध आहे. रुग्णाच्या वजनानुसार एकच डोस, काही सेकंदांत शिरेत द्यायचा.

पण या औषधाची ताकद घड्याळाशी बांधलेली आहे. जुन्या चाचण्यांचा एकत्र हिशोब १९९६ मध्ये मांडला गेला, तेव्हा दिसलं की कळ सुरू झाल्यापासून पहिल्या तासात औषध मिळालं तर हजार रुग्णांमागे सुमारे ६५ जीव वाचतात. तीन ते सहा तासांनी मिळालं तर हा आकडा निम्म्याहून खाली येतो. २०१३ च्या आणखी एका चाचणीने आपल्यासारख्या लांबच्या तालुक्यांसाठी मोलाची गोष्ट दाखवली. तासाभरात अँजिओप्लास्टी होऊ शकत नसेल, तर आधी जागेवर हे इंजेक्शन द्यायचं आणि मग सहा ते चोवीस तासांत अँजिओग्राफी करायची. अशा रुग्णांचे निकाल थेट अँजिओप्लास्टी झालेल्यांच्या जवळपास आले. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका थोडा जास्त दिसला, म्हणून पंचाहत्तरीपुढच्या रुग्णांना निम्मा डोस देण्यात आला. हे इंजेक्शन सगळ्यांना चालत नाही आणि प्रत्येक झटक्यात द्यायचंही नसतं. ते ईसीजी पाहून डॉक्टरच ठरवणार. पण ईसीजीच निघाला नाही तर ठरवणार काय? वैद्यकशास्त्राचा नियम असा आहे की छातीत दुखत असलेला माणूस दारात आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे.

ईसीजी यंत्र शंभर वर्षांहून जुनं आहे. त्याच्या शोधासाठी आइन्थोव्हेन यांना १९२४ मध्ये नोबेल मिळालं. अलीकडची खरी प्रगती ही की टाकव्यात काढलेला ईसीजी पुण्यातल्या हृदयरोगतज्ज्ञाच्या मोबाईलवर मिनिटभरात पोचू शकतो. आपल्या वस्तीच्या दृष्टीने झडप बदलण्यापेक्षा हा शोध मोठा आहे.

मग मरतं कोण?

आता मूळ मुद्द्यावर येतो. २००८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात भारतातल्या ८९ रुग्णालयांतल्या २०,४६८ हृदयरुग्णांचा अभ्यास छापून आला. निम्म्या रुग्णांना कळ सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचायला सहा तास किंवा त्याहून जास्त लागले होते. श्रीमंत रुग्णांपैकी १५.३ टक्क्यांची अँजिओप्लास्टी झाली, गरिबांपैकी २ टक्क्यांची. कोलेस्टेरॉलची औषधं श्रीमंतांपैकी ६१ टक्क्यांना मिळाली, गरिबांपैकी ३६ टक्क्यांना. महिनाभरात श्रीमंतांपैकी ५.५ टक्के दगावले, गरिबांपैकी ८.२ टक्के.

यातली कळीची गोष्ट पुढे आहे. संशोधकांनी तपासलं की हा फरक गरिबांच्या वयामुळे, शरीरामुळे, सवयींमुळे आहे का. त्या गोष्टी हिशोबात घेऊनही फरक तसाच राहिला. पण मिळालेले उपचार हिशोबात घेतल्यावर फरक नाहीसा झाला. म्हणजे गरीब माणूस व्यसनी होता, उशिरा जागा झाला, त्याचं शरीरच कमजोर होतं, म्हणून गेला असं नाही. तो गेला कारण रुग्णालयात पोचल्यावरही त्याला तेच उपचार मिळाले नाहीत. आपल्या माणसाच्या तेराव्याला येऊन "दारू-तंबाखू सोडली असती तर..." असं सांगणाऱ्या शहाण्यांना हा अभ्यास दाखवा.

कुणी म्हणेल, हा वर्गाचा प्रश्न झाला, जातीचा कुठे? मुळात रुग्णालयं जातीची नोंद ठेवत नाहीत, म्हणून हा प्रश्न कागदावर दिसतच नाही. जिथे नोंद होती तिथे काय दिसलं? २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात भारतातल्या नऊ राज्यांच्या सरकारी आरोग्य सर्वेक्षणावर आधारित अभ्यास आला. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नाही, हे लक्षात ठेवून वाचा. उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत दलितांचं अपेक्षित आयुर्मान तीन वर्षांहून अधिक कमी, आदिवासींचं चार वर्षांहून अधिक कमी. आणि आर्थिक स्थितीने या फरकाचा निम्म्याहून कमी भाग समजतो. उरलेला भाग पैशाने समजत नाही. तो कशाने समजतो, हे बाबासाहेबांच्या लेकरांना वेगळं सांगायला नको.

मावळात तो एक तास कुठे जातो?

मावळाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मधून जुना हायवे, द्रुतगती मार्ग आणि रेल्वे. त्या पट्ट्यावर लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव. बाजूंना अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ. खांडी-सावळ्याच्या ठाकर-कातकरी वाड्या, धरणांमागची गावं, आणि हमरस्त्यालगतच्या आपल्या वस्त्या. मुंबई-पुण्याची श्रीमंती या तालुक्याच्या छातीवरून रोज धावते, पण ती इथे फक्त टोल भरायला आणि भजी खायला थांबते. लोणावळ्याहून पुणे साधारण ६५ किलोमीटर. पावसाळ्यातल्या रविवारी भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली की लोणावळ्याच्या बाहेर पडणं हीच शर्यत असते.

वस्तीत अशा मृत्यूनंतर भेटायला गेलं की घरच्यांकडून जो क्रम ऐकायला मिळतो, तो थोड्याफार फरकाने असा असतो. रात्री दोनला छातीत जळजळ. सोडा, ओवा, चोळणं. पहाटे घाम फुटला म्हणून शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर बसवून जवळच्या डॉक्टरकडे. तिथे गॅसचं इंजेक्शन. बरं वाटेना म्हणून दुसऱ्या दवाखान्यात. तिथे ईसीजी निघाला आणि "ताबडतोब पुण्याला न्या" सांगितलं. कोणत्या रुग्णालयात, हे कुणी सांगितलं नाही. गाडी ठरवण्यात तास. पहिल्या मोठ्या दारात "आधी रक्कम भरा", म्हणून दुसऱ्या दारात. सून ग्रुपवर मेसेज टाकते, पोरं गुगल पे करतात, आणि दुपार होते. रात्री दोन ते दुपार! आणि आपण लिहितो, "अचानक निधन."

यातला प्रत्येक टप्पा टाळता येण्यासारखा आहे, याचे पुरावे आपल्या शेजारीच आहेत. गोव्यात २०१८ च्या अखेरीस सरकारने एक योजना सुरू केली. लहान सरकारी आरोग्य केंद्रांत ईसीजी काढायचा, तो तज्ज्ञांकडे पाठवायचा, झटका निश्चित झाला तर टेनेक्टेप्लेज तिथेच मोफत द्यायचं आणि रुग्णवाहिकेने बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवायचं. तमिळनाडूत त्याआधीच छोटी रुग्णालयं मोठ्या रुग्णालयांशी अशी जोडून २,४२० रुग्णांचा अभ्यास झाला. वर्षभरातल्या मृत्यूंचं प्रमाण १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आलं. तिथे कोणताही जादूचा शोध लागला नव्हता. ईसीजी, फोन, इंजेक्शन, रुग्णवाहिका आणि कुणाला कुठे न्यायचं हे आधी ठरवून ठेवणं, एवढंच होतं.

"योजना आहे ना!"

हा आक्षेप हमखास येतो. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना आहे, आता ती सगळ्या रेशनकार्डांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, अँजिओप्लास्टी आणि बायपास त्यात आहेत. खरं आहे. तिचा पुरेपूर वापर केलाच पाहिजे. तातडीच्या वेळी कागद पूर्ण नसले तरी फोनवरून कळवून उपचार सुरू करण्याची सोय त्यात आहे, हेही कार्यकर्त्यांना पाठ हवं. पण ही योजना मोठ्या रुग्णालयाच्या दारात सुरू होते. आपला माणूस त्या दारापर्यंत पोचण्याआधीच त्याचा तास संपलेला असतो. विमा बिल भरतो, वेळ परत आणत नाही.

दुसरा आक्षेप असा की सरकारकडे पैसा नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधल्या एका खटल्यात याचं उत्तर दिलं आहे. रेल्वेतून पडून जखमी झालेल्या शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं होतं. न्यायालयाने म्हटलं की वेळेवर उपचार न देणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची अडचण ही सबब चालणार नाही. अनुच्छेद ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य मानतो. पहिल्या तासाचा उपचार ही आपली मागणी संविधानातून येते, कुणाच्या दयेतून नाही.

तिसरा आक्षेप आपल्यातूनच येतो: एवढ्या मोठ्या औषध कंपन्या आणि रुग्णालयांपुढे आपण काय करणार? स्टेंटची गोष्ट आठवा. औषध लावलेल्या स्टेंटसाठी रुग्णाकडून लाख-लाख रुपये आणि त्याहून अधिक घेतले जात होते. दिल्लीतल्या एका वकिलाने उच्च न्यायालयात जनहित याचिका लावून धरली. २०१६ मध्ये स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत आला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने कमाल किंमत ठरवली: साधा स्टेंट ७,२६० रुपये, औषध लावलेला २९,६०० रुपये. एका माणसाच्या चिकाटीने हे होत असेल, तर आपल्या संघटनेच्या ताकदीने का होणार नाही?

इथे एक सावधगिरीही सांगतो. दुखणं स्थिर असलेल्या, झटका आलेला नसलेल्या माणसाला "उद्याच स्टेंट टाका, नाहीतर काही खरं नाही" अशी भीती घालून कर्जात लोटलं जातं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५,१७९ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसलं की स्थिर दुखण्यात नियमित औषधांच्या जोडीला लगेच स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. त्रास जास्त असेल, मुख्य नळीत अडथळा असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरचं मत विचारा, तो तुमचा हक्क आहे. ज्याला तातडीने हवं त्याला मिळत नाही, आणि ज्याला थांबता येतं त्याला घाई केली जाते. ज्युलियन ट्युडर हार्ट या ब्रिटिश डॉक्टरने १९७१ मध्येच मांडलं होतं की चांगले उपचार गरजेच्या उलट्या दिशेने वाहतात, आणि बाजाराला मोकळीक मिळेल तिथे जास्तच.

आपल्या पाच मागण्या

पहिली : कान्ह्याच्या सरकारी रुग्णालयात आणि कार्ला, खडकाळा, टाकवे, येळसे इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत चोवीस तास चालू ईसीजी, तो काढणारी प्रशिक्षित परिचारिका आणि तज्ज्ञाशी फोनवरची पक्की जोडणी असावी.

दुसरी : गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सरकारी रुग्णालयात कायम शिल्लक असावं आणि साठा दर आठवड्याला फलकावर लिहावा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत झाले आहेत. मोफत म्हणजे "बाहेरून आणा" नव्हे.

तिसरी : छातीत दुखणाऱ्या रुग्णाला १०८ ने कुठे न्यायचं, हे आधी ठरलेलं असावं. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेतल्या ९३७ रुग्णवाहिकांपैकी २३३ प्रगत उपचारांच्या होत्या. तालुक्यात अशी गाडी कुठे उभी असते, हे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर हवं.

चौथी : धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत द्यायच्या आहेत, आणि तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करायचं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली ही योजना आहे. पिंपरी-चिंचवड आणि पुण्यातल्या अशा रुग्णालयांची यादी मावळातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात लावावी.

पाचवी : कळ कधी सुरू झाली, ईसीजी किती वाजता निघाला, इंजेक्शन किती वाजता दिलं, याची नोंद सामाजिक प्रवर्गासह ठेवावी आणि नावं वगळून दर सहा महिन्यांनी जाहीर करावी. जे मोजलं जात नाही, ते अन्याय म्हणून सिद्धही करता येत नाही.

या पाचही बाबींवर माहिती अधिकारात अर्ज करा, ग्रामसभेत ठराव घ्या, जिल्हा परिषदेत निवेदन द्या. उत्तर येईपर्यंत पाठ सोडू नका.

आणि आपल्या विहारात

सरकारकडे मागायचं ते मागूच. पण काही कामं वस्तीने स्वतः करायची आहेत. प्रत्येक विहारात तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगरची वही ठेवा. आशाताई त्यांचं काम करत आहेत, त्यांच्या सोबतीला दोन तरुण द्या. बीपीची गोळी आरोग्य केंद्रात मोफत मिळते, ती "बरं वाटतंय" म्हणून बंद करायची नसते. झटका येऊन गेलेल्या माणसाची औषधं तर कधीच तुटता कामा नयेत. १७ देशांच्या २०११ च्या एका अभ्यासात गरीब देशांतल्या अशा रुग्णांपैकी ८० टक्के लोक आवश्यक औषधांपैकी एकही घेत नव्हते, आणि आपला देश त्यात होता. आता यातली बरीच औषधं स्वस्त झाली आहेत. हृदय अशक्त झालेल्यांना उपयोगी पडणाऱ्या एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि साठ रुपयांच्या आसपासची गोळी काही कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणली. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधं एकत्र असलेली हृदयविकाराची एकच गोळी अत्यावश्यक यादीत घेतली. डॉक्टरांना विचारा, "यातलं स्वस्त काय आहे?" विचारायची लाज बाळगू नका.

कंपनीत जाणाऱ्या पोरांनो, तुमच्या पगारातून ईएसआयची कपात होत असेल तर कार्ड हातात घ्या, घरच्यांची नावं त्यात घाला. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. अडारकरांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल १९४४ मध्ये दिला आणि त्यातून १९४८ चा कायदा उभा राहिला. चिंचवडच्या मोहननगरचं ईएसआय रुग्णालय आपल्यासाठी आहे. कंत्राटदार कार्ड देत नसेल, तर तो तुमच्या पगाराएवढीच तुमच्या जिवाचीही चोरी करतो आहे.

छातीत दाब, घाम, धाप, हात-जबड्यात कळ असं काही दहा-पंधरा मिनिटं टिकलं तर चोळत बसू नका. १०८ लावा. माणसाला चालवू नका, मोटारसायकलवर बसवू नका. ॲस्पिरिन चावून द्यायची का, हे फोनवरच्या डॉक्टरला विचारा. माणूस कोसळला आणि श्वास थांबला, तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहा, मदत येईपर्यंत. हे एका रविवारी शिकता येतं. जयंतीच्या डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात तालुक्यातल्या शंभर तरुणांचं हे प्रशिक्षण होईल. मिरवणूक काढूच, पण मिरवणुकीत कुणी कोसळला तर त्याला उठवणारे हात आपल्याकडे असले पाहिजेत.

येत्या १४ एप्रिलच्या आधी प्रत्येक विहाराने दोन कागद तयार करावेत. एक, वस्तीतल्या तीस वर्षांवरच्यांची बीपी-शुगरची यादी. दुसरा, वरच्या पाच मागण्यांचा माहिती अधिकाराचा अर्ज, पोच घेतलेला. हे दोन कागद घेऊन वडगावला तहसील कचेरीवर एकत्र जाऊ. आपल्या घरातलं पुढचं मरण "अचानक" म्हणून लिहायची वेळ येऊ द्यायची नसेल, तर घड्याळ आत्तापासूनच लावायला हवं.

जय भीम! जय संविधान!